खंजीर लागतो, पण लागत नाही

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. वय चौदा. मी त्याला 'मॉरोविंड' लावून दिला आणि शेजारी बसलो. विसाव्या मिनिटाला त्याने माउस बाजूला सारला. "मामा, खंजीर त्या खेकड्याला लागतोय. दिसतंय ना तुला? मग लागत का नाही?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. मे 2002 मध्ये बेथेस्डा कंपनीने हा गेम बाजारात आणला, तेव्हापासून नवा खेळाडू हाच प्रश्न विचारतो आहे. आणि तेव्हापासून जुना खेळाडू त्याला एकच उत्तर देतो आहे: तुझ्यात धीर नाही, तू जाऊन याच मालिकेतला नंतरचा 'स्कायरिम' खेळ.

हे उत्तर चुकीचं आहे. उद्धट आहेच, पण आधी चुकीचं आहे. ज्या गेमवर आपला एवढा जीव, त्याच्या दारात उभं राहून आपणच पाहुण्याला हाकलतो आहोत.

आधी खंजिराचं प्रकरण मिटवू. माझ्या भाच्याने रेडगार्ड जमातीचा योद्धा घेतला. लांब तलवारीतलं त्याचं कसब 50. पण सेडा नीन गावातल्या जकात कचेरीतून बाहेर पडताना टेबलावर हाताला लागतो तो लोखंडी खंजीर, म्हणजे आखूड पात्याचं हत्यार. त्यात याचं कसब 10. शिवाय पोरगं कचेरीच्या दारातून जे धावत सुटलं ते थेट किनाऱ्यापर्यंत. मॉरोविंडमध्ये धावलं की दम संपतो. पडद्याच्या कोपऱ्यात तीन पट्ट्या असतात, त्यातली हिरवी दमाची. ती रिकामी झाली होती.

आता हिशेब बघा. हत्यारातलं कसब, अधिक चपळाईचा पाचवा हिस्सा, अधिक नशिबाचा दहावा हिस्सा. या बेरजेला दमाने गुणायचं: दम पूर्ण असेल तर सव्वापट, संपला असेल तर पाऊणपट. त्याची चपळाई 40, नशीब 40. म्हणजे धापा टाकत खंजीर चालवणाऱ्या माझ्या भाच्याचा वार शंभरात जेमतेम 16 वेळा बसणार, आणि त्यातूनही खेकड्याची वार चुकवण्याची ताकद वजा करायची. तोच योद्धा, तोच खेकडा. फक्त हातात लांब तलवार आणि दम भरलेला, तर शंभरात 77.

हे गणित गेम कुठेही सांगत नाही. डोळ्यांना पातं खेकड्याच्या पाठीतून आरपार जाताना दिसतं आणि आतल्या आत फासा पडून 'चुकला' ठरतं. कागद-फाशांच्या खेळात हे चालून जातं, कारण तिथे फासा टेबलावर सगळ्यांसमोर पडतो. इथे तो लपवलेला आहे. डोळ्यांना एक दाखवायचं आणि आत दुसरंच ठरवायचं, ही करणाऱ्यांची चूक आहे. खेळाडूच्या धीराचा इथे काही संबंध नाही. जुन्या मंडळींनी एवढं एक वाक्य कबूल केलं असतं तर कितीतरी पोरं पहिल्या अर्ध्या तासात उठून गेली नसती.

आता दुसऱ्या बाजूला येतो, कारण तिचंही चुकतं आहे.

नव्या खेळाडूंची दुसरी तक्रार अशी: कुठे जायचं ते गेम दाखवत नाही. नकाशावर खूण नाही, होकायंत्रावर बाण नाही, एका टिचकीत दुसऱ्या गावी जाण्याची सोय नाही. ही तक्रार मला मान्य नाही. मॉरोविंडमध्ये जे काही मोलाचं आहे ते नेमकं इथेच आहे.

सेडा नीनमधलाच एक प्रसंग सांगतो. कुणी नुसतं ऐकून सोडून देऊ नये असा आहे. गावात फारगॉथ नावाचा एक किरकोळ माणूस आहे. ह्रिस्कार नावाच्या शिपायाला संशय आहे की फारगॉथ आपला पैसाअडका कुठेतरी लपवतो. तो तुम्हाला सांगतो की रात्री दीपगृहावर चढ आणि त्याच्यावर नजर ठेव. बस्स, एवढंच. तुम्ही चढता. अंधार पडतो. खाली दहाबारा घरं, दलदल, बेडकांच्या डबक्यासारखं साचलेलं पाणी. कुठलाही बाण नाही. आणि मग एक बारकी आकृती इकडेतिकडे बघत, दबकत, घरांमधून निघते. तुमचे डोळे तिच्यावर. ती पाण्यात शिरते, एका झाडाच्या बुंध्यापाशी थांबते, परत फिरते. तुम्ही खाली उतरता, चिखल तुडवत त्या बुंध्यापाशी जाता आणि आत हात घालता.

हाच प्रसंग बाण लावून करून बघा. बुंध्यावर खूण लुकलुकते आहे, तुम्ही सरळ तिथे जाऊन माल उचलता. दीपगृह कशाला हवं? रात्र कशाला हवी? फारगॉथ तरी कशाला हवा?

बाण आला की गावातली माणसं निकामी होतात. ही गोष्ट मला पोटतिडकीने सांगायची आहे, कारण मागची वीस वर्षं हे सर्रास घडलं आहे.

मॉरोविंडमध्ये वाट विचारावी लागते. बालमोरा गावचा हॅस्फॅट अँटाबोलिस तुम्हाला आर्कंगथँड नावाच्या भग्न नगरीतून एक पेटी आणायला पाठवतो. वाट तो तोंडी सांगतो: गावाच्या दक्षिणेला निघ, नदीवरचा पूल ओलांड, किल्ल्यावरून पुढे जा, मग चढण, मग लाव्हाने कोरलेल्या खोल घळीवरचा जुना पूल. आपल्याकडे आडगावात वाट विचारली की पारावरचा म्हातारा जसं ओढा, वड, देऊळ असं सांगत नेतो, अगदी तसं. तिथे पोचलात तर दार बंद. जवळच्या पाइपावर एक दांडा आहे, तो फिरवला की दार उघडतं. आत ती पेटी एका फडताळावर, इतकी लहान की दोनदा समोरून जाऊनही दिसत नाही. मी तिच्यासाठी पूर्ण एक संध्याकाळ घातली होती. त्या संध्याकाळीच ती घळ, तो पूल, राखेने धुरकटलेलं ते आकाश माझं झालं. आजही त्या बेटावर, व्हार्डनफेलवर, मी नकाशा न उघडता हिंडू शकतो. याच मालिकेतले नंतरचे 'ऑब्लिव्हियन' आणि 'स्कायरिम' मी शेकडो तास खेळलो, पण त्यातल्या कुठल्याही गुहेची वाट तोंडी सांगता येणार नाही. मी बाणाकडे बघत चाललो होतो, वाटेकडे नाही.

सांगितलेली वाट कधी चुकीची निघते, हेही खरं. पूर्व म्हटलेलं पश्चिमेला सापडतं. रोजनिशीचं तर विचारूच नका: मूळ गेममध्ये सगळ्या कामांच्या नोंदी तारखेनुसार एकाखाली एक, आणि तीन आठवड्यांपूर्वी कोण काय म्हणालं ते शोधायला पानं उलटत बसायची. पण ही तक्रार करणाऱ्यांचं कंपनीने ऐकलं. 2002 च्याच नोव्हेंबरमध्ये 'ट्रायब्यूनल' हा या गेमचा विस्तार आला, त्यात कामांनुसार नोंदी बघण्याची सोय आली. एवढी दुरुस्ती पुरेशी होती. रोजनिशी सुधारायची होती, माणसांची तोंडं बंद करायची नव्हती.

ती बंद का झाली, याचं कारण मला सरळ दिसतं. मॉरोविंडमधले बहुतेक संवाद लिहिलेले आहेत, वाचायचे. 2006 मध्ये 'ऑब्लिव्हियन' आला तेव्हा सगळे संवाद आवाजात आले. लिहिलेलं वाक्य फुकट असतं. बोललेल्या वाक्याला नट लागतो, स्टुडिओ लागतो, डिस्कवर जागा लागते. मग शेजारपाजारच्या पन्नास माणसांनी प्रत्येक गुहेची वाट चार वाक्यांत सांगायची हे परवडत नाही. वाक्यं कापली आणि त्यांच्या जागी बाण बसवला. माझ्या मते हा निर्णय खर्चाचा होता. आजच्या पोरांना वाचायला नको असतं म्हणून तो घेतला, असं म्हणणाऱ्यांनी पुरावा द्यावा.

आणि आजची पोरं? 2022 मध्ये 'एल्डन रिंग' आला. त्यात कामांची यादी नाही, प्रत्येक कामाला बाण नाही, कोण कुठे भेटेल ते लक्षात ठेवायला लागतं, आणि पहिल्या दहा मिनिटांत मरायला होतं. वर्षभरात 2 कोटी प्रती खपल्या. त्या काही आमच्या पिढीतल्या पोक्त मंडळींनी एकट्यांनी घेतल्या नाहीत. पोरांना अवघड चालतं. अवघड का आहे ते समजलं पाहिजे, इतकीच त्यांची अट असते, आणि ती रास्त आहे.

तक्रारींमधली सगळ्यात लोकप्रिय तक्रार मात्र अजून राहिली: क्लिफ रेसर. लांब शेपटीचा, चिरक्या आवाजाचा उडता प्राणी. डोंगरात दहा पावलं टाकली की डोक्यावर एक. त्याला मारेपर्यंत दुसरा. या बाबतीत जुने-नवे सगळे एका बाजूला आहेत आणि मीही त्यांच्यात. खेळाडूंनी इतकी बोंब मारली की पुढच्या गेममध्ये करणाऱ्यांनी कथेतच त्याचा बंदोबस्त केला: ज्यूब नावाच्या एकाने क्लिफ रेसरना व्हार्डनफेलमधून हुसकून लावलं आणि तो संतपदाला पोचला. हा ज्यूब म्हणजे मॉरोविंड सुरू होताना कैद्यांच्या जहाजात तुम्हाला उठवून नाव विचारणारा माणूस. तक्रारीला असंही उत्तर देता येतं.

एक गोष्ट मात्र मॉरोविंडसारखी मोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये क्वचितच दिसते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. इथे तुम्ही कोणालाही मारू शकता. कथेचा कणा असलेल्या माणसालाही. मारलंत तर गेम तुम्हाला एक निरोप देतो की भविष्यवाणीचा धागा तुटला. जुना सेव्ह उघडा, नाहीतर स्वतःच घडवलेल्या या मोडलेल्या जगात राहा. आणि पुढे खेळू देतो. तिथल्या लोकांच्या तीन जित्या देवांपैकी एक आहे व्हिवेक. नाव आपल्या कानाला ओळखीचं वाटतं. त्या देवालाही तुम्ही मारू शकता. तरी शेवटापर्यंत जाण्याची एक आडवाट उरते: एका रोगाने ग्रासलेला, आपल्या जमातीतला शेवटचा उरलेला कारागीर तुम्हाला त्या देवाकडचा जादूचा हातमोजा वापरण्याजोगा करून देतो. पुढच्या गेममध्ये महत्त्वाची माणसं मरतच नाहीत. कोसळतात किंवा गुडघ्यावर बसतात, थोड्या वेळाने उठतात. मला हे पटत नाही. खेळाडूच्या हातून चूक होऊ द्यायची नसेल, तर त्याच्या बरोबर वागण्यालाही किंमत राहत नाही.

केन रोल्स्टन आणि टॉड हॉवर्ड यांच्या चमूने हा गेम घडवला; त्यांनी गेमबरोबर आणखी दोन वस्तू दिल्या होत्या. खोक्यात बेटाचा कागदी नकाशा, आणि ज्यातून गेम घडवला ते बांधकामाचं साधन. त्या साधनाच्या जोरावर 'टॅम्रिएल रीबिल्ट' नावाचा हौशी लोकांचा गट त्या बेटापलीकडची सगळी मुख्यभूमी बांधतो आहे. हे काम जवळपास गेमइतकंच जुनं आहे आणि अजून चालू आहे, विनामोबदला. 'ओपनएमडब्ल्यू'वाल्यांनी तर गेमचं अख्खं इंजिनच नव्याने लिहून काढलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. गेमबद्दलचं मत असंही मांडता येतं. हे लोक कुणाला धीर नाही म्हणून हिणवत बसलेले नाहीत, ते पुढच्या माणसासाठी रस्ता बांधत आहेत.

भाच्याकडे परत येतो. मी त्याला तीनच गोष्टी सांगितल्या. एक: ज्या हत्याराचं कसब घेतलंस तेच हातात धर, सुरुवातीला खंजीरच मिळणार आहे, तेव्हा पुन्हा सुरू करणार असशील तर आखूड पातं निवड. दुसरी: लढाईच्या आधी धावू नकोस, चाल, हिरवी पट्टी भरू दे. तिसरी: माणसांना विचार आणि ते काय सांगतात ते वाच. त्याने नवा माणूस घेतला. खेकडा चौथ्या वाराला मेला. रात्री साडेअकराला आईने जेवायला तिसरी हाक मारली तेव्हा तो दीपगृहावर उभा होता.

मॉरोविंड आजही विकत मिळतो, कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतो. खेळला नसेल तर खेळा. आणि आधीच खेळून झाला असेल, तर पुढच्या वेळी कुणी पोरगं विचारेल की खंजीर लागूनही लागत का नाही, तेव्हा त्याला आधी ती हिरवी पट्टी दाखवा.