अंगण वाकडे

क्रिकेटमध्ये माणूस बाद झाला की त्याच्याकडे निदान गोलंदाज असतो. खेळपट्टी असते, ऊन असतं, अगदीच काही नसलं तर पंच असतो. पूल खेळणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. बॉल जागेवर स्वस्थ उभा असतो. तुम्ही टेबलाला प्रदक्षिणा घाला, वाका, एक डोळा मिटा. तो हलत नाही. मग तुम्ही मारता, आणि तो पॉकेटच्या तोंडाशी जाऊन, थोडा विचार करून, परत येतो. प्रतिस्पर्धी खुर्चीत चहा पीत असतो, त्यामुळे त्यालाही दोष देता येत नाही.

म्हणून वर्षानुवर्षं पूल खेळणाऱ्याचा खेळ फारसा सुधारत नाही, निमित्तं मात्र सुधारत जातात. नवशिका होतो तेव्हा मी नुसतं 'चुकला' म्हणायचो. आता 'थ्रो झाला' म्हणतो. म्हणजे दोन बॉल घासले आणि समोरचा किंचित ओढला गेला. पावसाळ्यात कापड दमट होऊन संथ पडतं, हेही जाणकाराच्या सुरात सांगतो. ते खरंच आहे. प्रतिस्पर्धीही त्याच कापडावर खेळत असतो, एवढंच सांगत नाही.

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपली. पण ती मनावर घेतली पूलच्याच घराण्यातल्या बिलियर्ड्सवाल्यांनी. जुन्या टेबलांचा तळ लाकडी असे आणि लाकूड वाकतं. एकोणिसाव्या शतकात तिथे स्लेटचा दगड आला आणि अंगण सरळ झालं. कडेच्या गाद्यांतलं कच्चं रबर थंडीत कडक व्हायचं. व्हल्कनाइझ केलेलं रबर आल्यावर तीही सोय गेली. हस्तिदंती बॉल हवेबरोबर आकार बदलत, तडकत. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी हस्तिदंताला पर्याय शोधता शोधता १८६९ च्या सुमारास सेल्युलॉइड बनवलं, आणि आजचे रेझिनचे बॉल तर बाराही महिने गोल राहतात. त्याच्या कितीतरी आधी, १८३५ साली, कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहून बॉल का वळतो याचा हिशेब मांडून ठेवला होता. वादळांच्या वळण्याशी ज्याचं नाव जोडलं जातं, तोच हा. थोडक्यात, या खेळाचा इतिहास म्हणजे खेळाडूची निमित्तं एकेक करून काढून घेण्याचा इतिहास. शेवटी टेबलापाशी एकच सदोष वस्तू उरली, आणि क्यू तिच्याच हातात दिलेला आहे.

आता या वस्तूकडून अपेक्षा काय, तेही पाहा. बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर. पांढरा, रंगीत आणि पॉकेट एका रेषेत आहेत असं समजा; म्हणजे बघे ज्याला 'सोपा' म्हणतात तो शॉट. पांढरा ठरल्या जागेपासून दोन मिलिमीटर बाजूला लागला, तर दीड मीटर पलीकडच्या पॉकेटपाशी पोचेपर्यंत रंगीत बॉल पाच सेंटिमीटर भरकटलेला असतो. आणि कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड दोन बॉल जेमतेम शेजारी मावतील एवढं. दोन मिलिमीटर! घरच्या कपाटाचं दार एवढं चुकलं तर सुतार 'बसतंय, साहेब' म्हणून मोकळा होतो.

दोष आमच्या पुण्याच्या पाण्यावर ढकलावा, तर तीही पंचाईत. १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकणारे विल्सन जोन्स जन्माने पुणेकर. नामवंत बिलियर्ड्सपटू पंकज अडवाणींचा जन्मही इथलाच, १९८५ चा. ते वाढले बंगळुरूत, एवढा एक धागा मी घट्ट धरून आहे.

तरी एक गोष्ट उशिरा का होईना ध्यानात येते. सुरुवातीला बॉल गेला की मी खूश. पांढरा कुठे जाऊन थांबला याचं सोयरसुतक नसे. मग तो पुढच्या बॉलच्या सोयीने थांबावा असं वाटू लागलं. अधूनमधून तसा थांबू लागला, तेव्हा त्याच्याही पुढच्या बॉलची काळजी सुरू झाली. हात पाऊलभर पुढे सरकला की हाव दोन पावलं पुढे जाऊन बसते. चुकांची संख्या तेवढीच राहते, म्हणून माणूस आहे तिथेच दिसतो. बदलते ती चुकांची जात. आमच्या जिमखान्यात टेबलं सांभाळणाऱ्या मार्करने हे मला एका वाक्यात सांगितलं होतं: "साहेब, आधी तुम्ही सोपे घालवायचात, आता अवघड घालवता." त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, त्यामुळे मी ते प्रशस्तिपत्र धरून चाललो आहे.

शिवाय स्लेट, रबर, रेझिन सगळं येऊनही एक निमित्त अजून कुणाला काढून घेता आलेलं नाही. शेजारच्या टेबलावरचा कॉलेजचा पोरगा विचारतो, "काका, किती वर्षं खेळताय?" मी टिपला चॉक लावत म्हणतो, "अजून शिकतोय." याला कापडाचा ओलावा लागत नाही, थ्रो लागत नाही, बारमाही चालतं. आणि वर ते खरंही आहे.