शांतं पापं!

ऐकलंत का? चांगली शहाणी, हिशेबी, एका दिवसात सात पॉइंट उरकून संध्याकाळी खरेदीलाही वेळ काढणारी आपली माणसं हल्ली अशा ठिकाणी निघाली आहेत, जिथे पॉइंटच नाहीत. देऊळ नाही, किल्ला नाही, मॉल नाही, रोपवे नाही. नातेवाइकांना वाटायला चावीच्या रिंगा घ्याव्यात, तर तसा बाजारही नाही. वाळू, माड आणि पाणी, संपली यादी. आणि एवढं बघायला आधी पोलीस ठाण्यातून चांगल्या चारित्र्याचा दाखला काढायचा! मुलीचं स्थळ बघतानासुद्धा आपण इतकी चौकशी करत नाही.

लक्षद्वीप म्हणे. परवापरवापर्यंत हे प्रकरण भूगोलाच्या पेपरात नकाशावर पेन्सिलीने ठिपके काढण्यापुरतं होतं. राजधानी कवरत्ती, गुण एक. मग २०२४ चा जानेवारी उजाडला. पंतप्रधान तिथे जाऊन आले, किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसले, लाइफ जॅकेट चढवून पाण्यात उतरले आणि फोटो टाकले. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी नको ते लिहिलं आणि तिघंही निलंबित झाले. इथे मालदीववर बहिष्काराची हाक उठली आणि एका रात्रीत सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर निळं पाणी वाहायला लागलं. खरी कुचंबणा झाली ती मालदीवचं बुकिंग आधीच करून बसलेल्यांची. पैसे परत मिळेनात, आणि गेलं तर फोटो टाकायची सोय नाही. हनिमूनला जाऊन एकही फोटो न टाकणारी जोडपी त्या महिन्यात पहिल्यांदाच पाहायला मिळाली.

बाकीच्यांनी चौकशी सुरू केली, तेव्हा कळलं की हे तिकीट काढून जाण्याचं गाव नव्हेच. भारतीय माणसालाही तिथे प्रवेशाचा परवाना लागतो, १९६७ च्या नियमांप्रमाणे. एकूण ३६ बेटं, त्यांतल्या १० वर वस्ती, आणि सगळ्यांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. एवढ्यात सुमारे ६४ हजार माणसं राहतात. जायला कोचीहून जहाज, वाटेत एक रात्र आणि पोटात वादळ. नाहीतर अगत्तीच्या चिंचोळ्या धावपट्टीवर उतरणारं लहान विमान. खिडकीतून पाहिलं तर दोन्ही बाजूंना पाणीच दिसतं आणि चाकं टेकेपर्यंत जमिनीचा पत्ता नसतो, असं जाऊन आलेले मोठ्या अभिमानाने सांगतात. २०२४ मध्येच गोव्याच्या मोपाहून अगत्तीला थेट विमान सुरू झालं, आणि गोव्यात जाऊन किनाऱ्याकडे पाठ फिरवून दुसऱ्या किनाऱ्याला जाणारी मंडळी निर्माण झाली. गोयंकरांनी हा अपमान कसा गिळला असेल, देव जाणे.

आता तिथल्या स्नॉर्केलिंगबद्दल, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याखाली बघण्याबद्दल, बोलायलाच हवं. जरा हळू आवाजात. ज्या घरात बाटली वर धरून पाणी प्यायची शिस्त आजीपासून चालत आली आहे, जिथे उष्ट्या चमच्यावरून अजून भांडणं होतात, त्या घरातली माणसं भाड्याने मिळालेली रबरी नळी बिनदिक्कत दातांत धरतात. सकाळच्या तुकडीत ती कुणाच्या तोंडात होती, हे विचारायचं नाही. बादलीत बुचकळून काढली की झाली शुद्ध. त्याआधी त्या काचेच्या मुखवट्यात आतून थुंकायचं. हो, थुंकायचं! लाळेचा हात फिरवला की काचेवर वाफ धरत नाही म्हणे. जगभरचे पाणबुडे हेच करतात. मग पाठ आभाळाकडे, तोंड पाण्यात, आणि पाऊण तास चकार शब्द नाही. नवरा-बायको शेजारी-शेजारी तरंगताहेत आणि दोघंही गप्प! काही घरांत एवढा सलोखा लग्नानंतर प्रथमच नांदला असेल, असं आमचं आपलं मत आहे.

पेहरावाबद्दल तर बोलायची सोय नाही. सिनेमात पाहिलेली बिकिनी मनात धरून कुणी जाईल तर निराश होईल. वस्तीच्या बेटांवरचा समाज मर्यादशील मुस्लिम समाज आहे, तिथे अंग झाकूनच पाण्यात उतरायचं. त्यामुळे मनगटापासून घोट्यापर्यंत काळ्या रबरी कपड्यात गुंडाळलेले साठीचे काका त्या नितळ पाण्यात उतरतात, आणि त्यांना पाहून मासे पळत नाहीत, ही त्या माशांची सहनशीलता.

त्या माशांची चर्चा तर याहून खमंग आहे. मुलांना ‘फाइंडिंग निमो’ दाखवून आपण ज्याच्यावर प्रेम करायला शिकवलं, तो केशरी-पांढरा जोकर मासा घ्या. समुद्रफुलाच्या विषारी बोटांमध्ये त्याचं घर असतं. घरात सगळ्यात मोठी मादी, तिच्या खालोखाल नर, बाकी उमेदवार. मादी मेली की तो नरच मादी होतो आणि रांगेतला पुढचा उमेदवार त्याच्या जागी बढतीवर येतो. म्हणजे शास्त्राप्रमाणे निमोची आई वारल्यावर त्याच्या बाबांनीच आई व्हायला हवं होतं! चित्रपटवाल्यांनी हे शिताफीने झाकलं. आणि ती पांढरीशुभ्र वाळू, जिच्यात लोळून तुम्ही प्रोफाइलचा फोटो काढलात? तिचा बराचसा भाग पोपटमाशाच्या पोटातून आला आहे. हा मासा चोचीने प्रवाळाचा खडक खरवडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना मागच्या दाराने बाहेर टाकतो. मोठा पोपटमासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू अशी ‘तयार’ करतो. चटईशिवाय बसू नका, एवढंच सुचवतो.

पण खाली काय दिसलं ते सांगताना हीच वात्रट मंडळी एकदम मऊ होतात, हेही खोटं नाही. ही बेटं म्हणजे प्रवाळाची कंकणं. बाहेरच्या कड्यावर समुद्र फुटतो आणि आतलं लगून शांत राहतं, कमरेएवढं, तळातली प्रत्येक काडी दाखवणारं. म्हणून तर पोहता न येणारा माणूसही जॅकेट घालून तिथे निर्धास्त तरंगतो. बंगाराम आणि तिन्नकराच्या बाजूला सकाळी दहाच्या उन्हात पाण्यात तोंड घातलं, की हिरवं, जांभळं, पिवळं असं काही सरकताना दिसतं आणि डोक्यातला हप्ते-पगाराचा हिशेब आपोआप थांबतो. इतका खर्च करून डोकं बंद पाडायचं, हा आमच्या पिढीला न परवडणारा शौक, पण करणाऱ्यांचे चेहरे मात्र परतल्यावर खरोखर निवळलेले असतात.

परतल्यावर तक्रारींचं पारायण सुरू होतं, ते वेगळंच. पहिली तक्रार, दारू मिळत नाही. संपूर्ण लक्षद्वीपात दारूबंदी, एक बंगाराम सोडून. ‘बीचवर जाऊन शहाळं?’ हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं! दुसरी तक्रार, ताटात रोज ट्यूना. अहो, मिनिकॉयची माणसं पिढ्यान्पिढ्या गळाच्या काठीने एकेक ट्यूना ओढून काढतात, तो उकडून, धुरी देऊन, वाळवून मासमीन करतात. त्यांच्याकडे जाऊन पनीर टिक्का मागणं म्हणजे पंढरपुरात जाऊन सांताक्लॉजचा पत्ता विचारणं. तिसरी तक्रार, नेट चालत नाही. चौथी, पाणी मचूळ.

या चौथ्या तक्रारीपाशी मात्र हसू आवरतं. या बेटांवर नदी नाही, तळं नाही. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळसा थर तरंगतो, पावसाने भरणारा. उपसा वाढला की खालून खारं वर येतं. कवरत्तीला २००५ पासून समुद्राच्या पाण्याचं पिण्याचं पाणी करणारा प्रकल्प चालतो: वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होऊ द्यायचं आणि खोल समुद्रातून आणलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करायची. दिवसाला एक लाख लिटर. ते बेटाच्या घशाला आहे, पाहुण्यांनी तीनदा शॉवर घेण्यासाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीनेही बेटाला झेपेल तेवढंच करा, असाच सूर लावला होता. इकडे २०२३ च्या जानेवारीत ताजवाल्यांनी सुहेली आणि कदमतसाठी पाण्यावरच्या व्हिलांसकट रिसॉर्टं जाहीर केली आहेत. व्हिला दिसायला सुरेख असणार, यात शंका नाही. न्हाणीघरं किती, हा प्रश्न तेवढा कुणी विचारत नाही.

सासूसुनांच्या वर्तुळात मात्र वेगळीच बातमी पसरली आहे. तिथे म्हणे घर बाईचं! खरं आहे. हा समाज परंपरेने मातृवंशीय. वंश आणि घराण्याची मालमत्ता आईकडून पुढे जाते, आणि जुन्या रीतीप्रमाणे नवरा रात्री बायकोच्या घरी येतो, सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. इस्लाम आणि ही रीत एकत्र कशी नांदते, यावर ‘मॅट्रिलिनी अँड इस्लाम’ हे पुस्तक १९६९ मध्ये आलं, कल्पेनी बेटाच्या अभ्यासावर. लिहिणाऱ्या लीला दुबे, माहेरच्या आंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकरांच्या भगिनी. म्हणजे आपल्या माहेरवाशिणीने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं, आणि आपण मात्र तिथून कुठल्या अँगलने ड्रोन उडवावा एवढंच विचारत बसलोय. या रीतीची माहिती कळल्यावर आमच्या ओळखीतल्या दोन नवऱ्यांनी बेत रद्द केला. एकीच्या सासूबाईंनी मात्र तिकीट काढलं.

या सगळ्या वेडात मला सर्वांत जवळची वाटतात ती तिथली हिरवी कासवं. त्यांना संरक्षण मिळालं, संख्या वाढली आणि अगत्तीच्या लगूनमध्ये त्यांची अशी झुंड जमली की समुद्रगवताची कुरणंच्या कुरणं त्यांनी फस्त केली. त्या गवतात वाढणारे मासे कमी झाले, कोळी चिडले. गवत संपल्यावर कासवांनी काय केलं? पुढच्या बेटाकडे कूच! चांगली जागा सापडली, सगळे तिथेच, ती संपली, पुढची. पाठीवर बॅग तेवढी नाही.

आणि प्रवाळाची अवस्था विचाराल तर तिथे थट्टा चालत नाही. १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४, इतक्या वेळा समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरे पडले. उष्णता वाढली की प्रवाळाचा जीव आपल्या पोटातलं शैवाल बाहेर फेकतो. रंग जातो आणि अन्नही जातं. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या नोंदी सांगतात की १९९८ ते २०२२ या काळात जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्म्यावर आलं. म्हणजे ‘अस्पर्शित’ म्हणून ज्याचे फोटो फिरताहेत, ते निम्मं आधीच हरवलेलं आहे. समुद्र पर्यटकांनी तापवला नाही, मान्य. पण आजाऱ्याच्या अंगावर उभं राहून सेल्फी काढण्याचं काम मात्र पर्यटक करतात. दमले की जिथे पाय टेकतात तो दगड नसतो, जीव असतो. आणि अंगाला फासलेल्या सनस्क्रीनमधल्या काही रसायनांवर पलाऊ आणि हवाईने कायद्याने बंदी घातली आहे, तेव्हा पाण्यात उतरण्यापूर्वी पांढरे होऊन बसणाऱ्यांनी डबीवरचं बारीक अक्षर वाचावं.

लांब कशाला, मालवणला काय चाललंय? सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांत प्रवाळ आहे, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि सुटीच्या दिवशी एकेका खडकाभोवती होड्यांचा बाजार भरतो. मासे फोटोत यावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करतात. माशांना पाव! मिसळ तेवढी राहिली. त्या मानाने विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणाऱ्या आंग्रिया बँक या समुद्राखालच्या पठारावरचा प्रवाळ सुखी आहे. सगळ्यांत उथळ जागीही तो वीसेक मीटर खोल, त्यामुळे नळी तोंडात धरून कुणी पोचत नाही. जिथे पोचायला त्रास, तिथेच काही शिल्लक, हे लक्षद्वीपच्या परवान्यालाही लागू आहे. त्या परवान्याच्या नावाने खडे फोडणाऱ्यांना आमचा पाठिंबा नाही.

तरीही जाणार असाल तर जा, नाक मुरडणं हे आमचं काम आहे. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत समुद्र बरा असतो. पोलीस दाखल्याला वेळ लागतो, तो आधी टाका. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या म्हणजे सनस्क्रीन कमी लागेल, आणि नळी जमल्यास स्वतःची न्या. आपल्या बाटल्या आणि वेष्टनं परत आणा, कारण तिथे टाकायला जागाच नाही. आणि किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा शोकेससाठी पिशवीत घालू नका. मेलेला असला तरी तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, म्हणजे वाघाच्या पंगतीत. चांगल्या चारित्र्याचा दाखला घेऊन गेलात आणि येताना गुन्हा घेऊन आलात, तर सोसायटीत जी चर्चा होईल ती आम्ही स्वतः सुरू करू.