सौभद्र, थांबत थांबत

व्हिडिओ अडकण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. कोकणातल्या माणसाला जसे पावसाचे प्रकार नुसत्या आवाजावरून कळतात, तशा त्या जुन्या लॅपटॉपच्या सहवासात राहणाऱ्याला हळूहळू ओळखू यायला लागतात. मधोमध गोल चक्र फिरू लागलं तर दोष बिचाऱ्या लॅपटॉपचा नसतो; इंटरनेटची धार बारीक झालेली असते. चित्र गोठून आवाज मात्र सुरळीत चालू राहिला, तर आतला प्रोसेसर मेटाकुटीला आला आहे असं समजावं. चेहऱ्यांचे चौकोनी तुकडे होऊन ते इकडेतिकडे वाहू लागले, तर वाटेत कुठेतरी माहिती सांडली आहे. आणि गाणारी बाई एका ठिकाणी, तिचा आवाज भलतीकडे, अशी ताटातूट झाली तर तो विकार सगळ्यांत नाजूक. त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे.

माझा लॅपटॉप २०११ सालचा. त्याच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके आहेत, म्हणजे सगळे मिळून साडेदहा लाखांच्या आत. माझा भाचा त्याच्यावर 'फोर के' व्हिडिओ लावून बघतो आणि तो चालत नाही म्हणून हळहळतो. त्या व्हिडिओच्या प्रत्येक चित्रात त्र्याऐंशी लाखांच्या आसपास ठिपके असतात. लॅपटॉपने ते सगळे इमानाने उलगडायचे, मग त्यातले जवळजवळ सात-अष्टमांश टाकून द्यायचे आणि उरलेले दाखवायचे. इतकी निष्फळ सेवा सरकारी कचेरीतही कोणी करत नसेल. "मामा, टाकून दे आता हा," असं भाचा दर सुट्टीत म्हणतो. मी हो म्हणतो, आणि त्याच लॅपटॉपवर त्याच्या मुंजीचे फोटो काढून दाखवतो. मग विषय बदलतो.

खरं तर कुठलाही लॅपटॉप व्हिडिओ दाखवतो हेच नवल आहे. 'फुल एचडी' चित्रं, सेकंदाला पंचवीस, काहीही काटछाट न करता साठवायची म्हटली तर एका सेकंदाला १५५ एमबी जागा लागेल. दोन तासांच्या नाटकाला हजार जीबीच्या वर. म्हणून चित्रं पूर्ण साठवतच नाहीत. अधूनमधून एक चित्र संपूर्ण ठेवतात, आणि मधल्या चित्रांबद्दल फक्त एवढंच टिपून ठेवतात की आधीच्यापेक्षा काय बदललं: हात इकडून तिकडे गेला, पदर जरा सरकला, बाकी जैसे थे. काही चित्रं तर अशी असतात की त्यांच्या पुढचं चित्र आधी उलगडल्याशिवाय ती उलगडतच नाहीत. उद्याचा निकाल पाहून आजचं भविष्य सांगायची सोय आपल्याकडच्या एकाही ज्योतिष्याला अजून जमलेली नाही.

हे कळल्यापासून मी प्रत्येक व्हिडिओकडे लॅपटॉपच्या बाजूने पाहू लागलो आहे. दिवे घाटातून चढणारी माउलींची पालखी, ड्रोनने वरून टिपलेली, हे दृश्य माणसाला जितकं मोहवतं तितकंच जुन्या यंत्राला धडकी भरवतं. हजारो टोप्या, हजारो पताका, प्रत्येक वेगळ्या लयीत हलणारी. 'बाकी जैसे थे' म्हणायला जागाच नाही. माझा लॅपटॉप घाटाच्या पहिल्याच वळणावर बसतो. उलट संगीत नाटक! मागे रंगवलेला राजवाडा, तो तीन तास हलत नाही. गायक उभा राहिला की उभाच राहतो; हलतात ते ओठ, आणि तान जरा अवघड असेल तर उजवा हात. आपल्या पूर्वजांनी गद्यपद्याचा जो काही तोल सांभाळला असेल तो असो, पण व्हिडिओ आवळून बसवणाऱ्या गणिताची एवढी सोय दुसऱ्या कुठल्या कलाप्रकाराने केली असेल असं मला वाटत नाही.

कधी कधी पडदा अख्खा हिरवा होतो. पहिल्यांदा घाबरायला होतं. कारण ऐकलं की गंमत वाटते. व्हिडिओत उजेडाचा आकडा वेगळा ठेवतात आणि रंगाचे दोन वेगळे. आतून काहीच हाती आलं नाही की तिन्ही जागी शून्य राहतं, आणि या तीन शून्यांचा रंग काढायला गेलं तर तो काळा निघत नाही, गर्द हिरवा निघतो. शून्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्याचा रंग सांगायचं सगळ्यांकडूनच राहून गेलं होतं.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडला आणि पंख्यातून राखाडी लोकरीचा छोटासा तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. ती आमच्या घरातली धूळ होती. हवा अडली की प्रोसेसर तापतो, आणि फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून सावकाश काम करतो. मला हा स्वभाव फार समंजस वाटला. वाळलेली पेस्ट बदलून, पंखा साफ करून लॅपटॉप परत देताना तो म्हणाला, "काका, गरम होणार नाही आता. पण नवीन व्हिडिओ त्याला कळणार नाहीत." हे त्याने अगदी नेमकं सांगितलं. व्हिडिओ आवळायच्याही पिढ्या असतात. २००३ साली ठरलेली एच.२६४ ही पद्धत या लॅपटॉपच्या चिपमध्येच कोरलेली आहे. ती तो हसतखेळत वाचतो. पण व्हीपी ९ आली २०१३ मध्ये, एव्ही १ आली २०१८ मध्ये. त्यांची लिपी त्याच्या अंगात नाही. मग प्रोसेसरला एकेक अक्षर लावत वाचावं लागतं, आणि पंख्याचा घोंघाट वाढतो. यावर उपाय म्हणून ब्राउझरमध्ये एक छोटी जोड बसवता येते. ती यूट्यूबला परस्पर सांगते की आमच्याकडे नवं काही समजत नाही, जुन्याच पद्धतीचं द्या. यूट्यूब मुकाट्याने देतं. वयाचा दाखला न मागता मिळणारी ज्येष्ठांसाठीची ही एकमेव सवलत असावी.

हे सगळं चाललं होतं आत्यासाठी. आत्या मिरजेची. सतारी-तंबोरे बनवणाऱ्या घरांच्या शेजारी सारा जन्म गेलेला; एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं ती दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलते. पावसाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली की तिला 'सौभद्र' हवं असतं. मी एक प्रवेश यूट्यूबवर ३६० वर लावला आणि चित्र फार अंधुक दिसतंय म्हणून चुळबुळ करू लागलो.

"काय रे झालं?"

"चित्र धूसर आहे गं. वाढवायला गेलं की अडकतंय."

"राहू दे. आम्ही चार आण्यांत अगदी मागे बसायचो. तिथून सुभद्रा एवढीच दिसायची." तिने करंगळीचं पेर दाखवलं. "नाकडोळे घरी येऊन मनानेच भरायचे."

मधेच चित्र थांबलं, गाणं चालू राहिलं. हाही अपघात नव्हे, ही पद्धत आहे. बहुतेक प्लेअर आवाजालाच घड्याळ मानतात. चित्राला वेळेवर यायला जमलं नाही तर ते चित्र गाळतात, पण सूर तुटू देत नाहीत. मी आत्याला हे समजावून सांगितलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "मग? गाणाऱ्याकडे बघत कोण बसतं," ती म्हणाली, आणि तिने खरोखरच डोळे मिटून घेतले.

अख्खा प्रयोग होता तो पेन ड्राइव्हवर. कुणीतरी कॅसेटवरून सीडीवर आणि सीडीवरून इथे उतरवलेला. आणि या प्रवासात तो मघाचा नाजूक विकार त्याला जडलेला. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून निघालेला, रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं चिन्ह मिरवणारा व्हीएलसी हा प्लेअर मी उघडला. आवाज ओठांच्या आधी येत होता. आवाज किंचित मागे राहिला तर कान चालवून घेतो, कारण तशी त्याला जन्मापासून सवय असते: कृष्णेच्या पलीकडच्या काठावर धुणं आपटताना दिसतं आधी, ऐकू येतं मग. पण गाणं आधी आणि तोंड नंतर, असं निसर्गात कुठे घडत नाही. व्हीएलसीमध्ये 'के' हे बटण दाबलं की आवाज सेकंदाच्या विसाव्या भागाने मागे सरकतो, 'जे' दाबलं की पुढे येतो. मी दाबत होतो, आत्या डोळे किलकिले करून पडद्याला जवळजवळ नाक लावून बसली होती.

"अजून मागे घे. अजून. हां, आता मणी जरा वर सरकव. फार नको. बस्स, लागला."

तंबोरा लागावा तसं सौभद्र लागलं, आणि दिव्याच्या उजेडात आत्याची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. पद संपलं. प्रयोगाला आलेल्या, आता कुठे असतील कोण जाणे अशा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

"वन्समोअर," आत्या म्हणाली.

आता गंमत अशी, की फाइल मागे न्यायला गेलं तर ती बरोबर पदाच्या सुरुवातीला जात नाही. मागे नेलेलं चित्र अर्धवट फरकांवरून उभं करता येत नाही, म्हणून प्लेअर त्याआधीच्या कुठल्यातरी पूर्ण चित्रापाशी जाऊन थांबतो. आमच्या फाइलमध्ये ते पूर्ण चित्र श्रीकृष्णाचं आहे, आणि पदाआधीचं त्याचं अख्खं भाषण प्रत्येक वन्समोअरला पुन्हा ऐकावं लागतं. मी ते पुढे ढकलायला बोट उचललं.

"ऐकू दे," आत्या म्हणाली. "लबाड आहे मेला, पण बोलतो छान."