राउटर पूर्वपदावर आणणे : नवशिक्यांसाठी

बॅकअपवरून राउटरची सेटिंग्ज परत आणणे हे पाच मिनिटांचे काम आहे. त्यासाठी बॅकअप घेतलेला असावा लागतो. नसेल तर पुढचे वाचून उगाच मनस्ताप करून घेऊ नये. नेटवाल्याला फोन लावावा आणि ‘माणूस निघालाय’ एवढ्यावर समाधान मानावे.

बॅकअप घेतला असेल, तर आधी तो शोधावा. तो डाउनलोड्समध्येच असतो. विजेची बिले, लग्नपत्रिका आणि आधारकार्डाच्या प्रतींच्या गर्दीत. बरेचसे घरगुती राउटर दर वेळी फाइलला ‘कॉन्फिग’ हेच नाव देतात, त्यामुळे तिथे ‘कॉन्फिग’, ‘कॉन्फिग १’, ‘कॉन्फिग २’ अशी रांग दिसेल. नावावर जाऊ नये, तारीख बघावी. ‘नेट जरा फास्ट करून देतो’ म्हणत भाचा ज्या दिवशी राउटरपाशी बसला, त्याच्या आधीची फाइल घ्यावी. आत काय आहे म्हणून ती नोटपॅडमध्ये उघडू नये. बहुधा नुसती गिचमिड दिसते, आणि बंद करताना चुकून ‘सेव्ह’ दाबले गेले तर राउटर तिला दारात उभी करणार नाही.

फाइल त्याच मॉडेलची लागते. दुसऱ्या कंपनीचे सोडाच, त्याच मॉडेलची पुढची आवृत्ती असली तरी राउटर नाक मुरडू शकतो. मॉडेल आणि आवृत्ती स्टिकरवर छापलेली असते. राउटर भिंतीवर टांगलेला असतो आणि स्टिकर भिंतीकडे तोंड करून. राउटर खाली काढावा, कोळिष्टके झटकावीत आणि स्टिकरचा फोटो काढून ठेवावा. मूळचे वाय-फाय नाव, पासवर्ड आणि आत शिरायचा पत्ताही बहुधा तिथेच असतो.

हा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते घरगुती, खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत. १९९६ सालच्या नियमांत तसे नमूद आहे. म्हणून सगळ्या सोसायटीचे राउटर एकाच पत्त्यावर राहतात आणि तरी भांडत नाहीत. पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकावा, गूगलला विचारू नये.

भाच्याने अ‍ॅडमिनचा पासवर्डही बदलला असेल आणि आता तो फोन उचलत नसेल, तर राउटरच्या मागचे बारीक भोक शोधावे. राउटर चालू ठेवून आतले बटण साधारण दहा सेकंद दाबून धरायचे असते. सिमची पिन सापडत नाही, हे गृहीत धरावे. कानातल्याचा दांडा चालतो, पण मालकिणीला विचारून. यानंतर राउटर कोरा होतो आणि स्टिकरवरचा मजकूर लागू होतो.

पुढचे काम शक्यतो केबल लावून करावे, कारण वाय-फायचे नावच मध्येच बदलू शकते. केबल माळ्यावर असते आणि तिच्या टोकाची खिट्टी तुटलेली असते. बोटाने धरून ठेवावी.

आता ‘सिस्टम टूल्स’मध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर’. इथे सावकाश. बऱ्याच राउटरांत एकाच पानावर ‘रिस्टोअर’ असते आणि त्याच्या खाली ‘फॅक्टरी रिस्टोअर’. पहिले आपली सेटिंग्ज परत आणते, दुसरे असतील नसतील तेवढी पुसते. दोन्ही बटणे एकाच रंगाची. ज्याने हे पान आखले, त्याच्या घरी नेट दुसरे कोणीतरी बघत असावे. ‘बॅकअप’ बटणाला तर हातच लावू नये. त्याने आजच्या बिघडलेल्या सेटिंग्जची ‘कॉन्फिग ३’ तयार होते.

फाइल निवडून पहिले ‘रिस्टोअर’ दाबले की दिवे विझतात, पुन्हा लागतात. या वेळात वीज जाता कामा नये आणि घरच्यांपैकी कोणी ‘बंद करून चालू करून बघ’ म्हणत स्विचकडे जाता कामा नये. मालिका संपल्यावरच हे काम काढावे.

पट्टी शंभर टक्क्यांवर जाऊन पान तिथेच लटकले, तर घाबरू नये. जुन्या फाइलमध्ये राउटरचा पत्ता वेगळा असेल, तर तो आता त्या पत्त्यावर गेलेला असतो आणि ब्राउझर रिकाम्या घराची बेल वाजवत बसतो. जुना पत्ता टाकावा. अ‍ॅडमिनचा पासवर्डही बहुधा बॅकअपच्या दिवशीचाच लागेल. मधल्या काळात नेटवाला बदलला असेल, तर फाइलमधून जुन्या नेटवाल्याचे युजरनेम परत येईल आणि इंटरनेटचा दिवा लाल राहील. नवे युजरनेम हाताने भरावे.

वाय-फायचा पासवर्डही जुनाच परत येतो, आणि शेजाऱ्यांच्या मुलाच्या फोनला तो अजून पाठ असतो. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत त्याचा फोन घरच्यांच्या आधी दिसला, तर रिस्टोअर नीट झाले असे समजावे आणि पासवर्ड ताबडतोब बदलावा. त्यानंतर नवा बॅकअप घ्यावा, फाइलच्या नावात तारीख घालावी आणि ती भाच्याला पाठवू नये.