आता तिचे ब्रेक लागतात

आमची प्रीमियर पद्मिनी वडिलांनी घेतलेली. चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्यामुळे कुठे थांबायचं, हे निघतानाच ठरवावं लागे. नळस्टॉपच्या सिग्नलला उभं राहायचं असेल, तर गरवारे कॉलेजपाशीच पाय ब्रेकवर. पावसाळ्यात डबक्यातून गेलं की ड्रममध्ये पाणी शिरे. मग एक चाक धरी, दुसरं धरत नसे, आणि ब्रेक दाबला की गाडी हमखास डावीकडच्या भेळवाल्याकडे वळे. तो बिचारा दोन ओल्या बांधायला घेई.

खंडाळ्याचा घाट उतरताना तर विचारू नका. ड्रम तापला की फुगतो, लायनरला त्याला गाठायला जास्त अंतर जावं लागतं आणि तापलेला लायनर पकडही सोडतो. पेडल खाली खाली जाई आणि शेजारी रामरक्षेचा आवाज वर वर.

इटलीत हीच फियाट ११०० ‘आर’ झाली तेव्हा, १९६६ मध्ये, तिला पुढे डिस्क मिळाल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून आमच्या वाट्याला आली ती ११०० ‘डी’ची वंशावळ. म्हटलं, इटलीचा अनुशेष आपणच भरून काढू.

‘‘जिला धड पळता येत नाही, तिला थांबवायला एवढा खर्च?’’ सौभाग्यवतींनी विचारलं. १०८९ सीसीच्या इंजिनाबद्दल हे बोलणं मला लागलं. खोटं नव्हतं म्हणून जास्तच लागलं.

मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीचे कॅलिपर आणले, लेथवर ब्रॅकेट करून घेतली, डिस्क बसवल्या. चाक चढवलं तर ते कॅलिपरला घासू लागलं. ‘‘दोन दिवस द्या, साहेब.’’ मिस्त्रींचे दोन दिवस म्हणजे गणपती ते दिवाळी. मधल्या काळात कळलं, की ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानेच ब्रेक शू आणखी आवळला जातो. डिस्कमध्ये ती फुकटची मदत नाही, सगळा जोर पायाने लावायचा. म्हणजे बूस्टर आला. कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना ऑइल जास्त. म्हणजे मास्टर सिलिंडरही बदला. घरात एक नळ बदलायला काढला की बाथरूमच्या फरश्या निघतात, तसलाच प्रकार.

शेवटी गाडी बाहेर काढली. पहिल्याच चौकात ब्रेक दाबला. काय थांबली! मागच्या सीटवरची भाजीची पिशवी पुढे आली, टोमॅटो माझ्या पायाशी. सिग्नल हिरवा झाला, पण गाडी हलेना. जळका वास येऊ लागला. इतकी वर्षं थांबत नव्हती ती आता निघायलाच तयार नव्हती.

मिस्त्रींनी येऊन बोनेट उघडलं. ड्रमच्या लाइनमध्ये पाय काढल्यावरही थोडा दाब धरून ठेवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो पुढच्या डिस्कच्या लाइनलाही तसाच राहिला होता. त्यामुळे पॅड डिस्कला सोडत नव्हते. चण्याएवढा तुकडा निघाला आणि गाडी निमूट चालू लागली.

मागच्या चाकांना अजून ड्रमच आहेत, ते मी ठेवले. पुण्याच्या रस्त्यात कधी जुनी पद्मिनी पुढे दिसली, तर ‘ही काय लगेच थांबतेय’ असं समजून तिच्या बंपरला चिकटू नका. ती आमची असू शकेल.