टाकीत घालाल ते छातीत जाते: एका दुकानदारसाहेबांना खुले पत्र

रा. रा. दुकानदारसाहेब यांसी,



गेल्या डिसेंबरात बाजारच्या दिवशी ह्युमिडिफायर घ्यायला आलेली बाई मीच. सासूबाईंचे वय ७८. थंडीत आपल्या जुन्नरच्या हवेने त्यांचे ओठ फुटत होते, नाकात खपल्या धरत होत्या आणि कोरड्या खोकल्याने त्यांची रात्र बसून जायची. हे सगळे सांगून संपायच्या आत आपण खोके काढून बिल फाडलेत. अडलेल्या गिऱ्हाइकाला एक मिनिट ताटकळत न ठेवणारे दुकान पाहिले, धन्य झाले.

आपला पहिला उपकार पाण्याचा. ‘बोअरचेच घाला, काही होत नाही,’ हा आपला शब्द मी शिरसावंद्य मानला. चौथ्या दिवशी सासऱ्यांची तसबीर धुकटलेली दिसली. पदराने पुसली, तर पदरावर खडू फासल्यासारखा पांढरा पट्टा उठला. टीव्हीवर तीच भुकटी, सासूबाईंच्या चष्म्यावर तीच, औषधाच्या डबीवर तीच. आपल्याकडे बोअरचे पाणी काळ्या कातळातून येते. क्षार किती असतात ते गिझरची कॉइल बदलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्या यंत्रातली चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरून पाण्याचे बारीक तुषार उडवते. ती वाफ नव्हेच, त्यामुळे पाण्यातला क्षार तुषारासोबत हवेत येतो. जी भुकटी मी तसबिरीवरून पुसली, ती चार रात्री सासूबाई श्वासावाटे घेत होत्या. एवढे ज्ञान आपण मला स्वखर्चाने मिळवू दिलेत, हे ऋण कसे फेडू?

ह्युमिडिफायरच्या जाती असतात, हे न सांगून आपण माझ्या डोक्याचा ताण वाचवलात. एकीत भिजलेल्या गाळणीतून पंखा हवा ओढतो. तिथे पाणी वाफ होऊन उडते आणि क्षार गाळणीवरच राहतो. वाळ्याच्या ओल्या पडद्याचे तत्त्व तेच. दुसरीत पाणी उकळते. त्यात क्षार उडत नाही, पण घरात रांगते मूल असेल तर भाजण्याची भीती. तिसरी आपण दिलीत ती. तिला क्षार काढलेले पाणी लागते, डिस्टिल्ड असेल तर उत्तम. नुसते उकळून सगळे क्षार जात नाहीत. दोन वाक्यांचे काम होते, पण मोठ्या माणसांचा वेळ मोलाचा असतो.

‘जितकी वाफ तितका आराम, दारे-खिडक्या लावून रात्रभर चालू ठेवा,’ हा आपला मंत्र तर मी जपमाळेसारखा पाळला. पंधरवड्याने कपाटामागची भिंत हाताला ओली लागली आणि कोपऱ्यात काळे ठिपके उमटले. आमचे मालक द्राक्षबाग करतात. ते उंबऱ्यातूनच म्हणाले, ‘अगं, ही तर डाऊनीची हवा झालीय!’ साहेब, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षाच्या पानावर रात्रभर ओल राहिली की डाऊनीची बुरशी कशी धरते, हे इथले शाळकरी पोरही सांगेल. दमट बराखीत साठवलेल्या कांद्याचे काय होते, हे मंचरच्या बाजारात कुणालाही विचारा. भीमाशंकरच्या अंगाला पावसाळ्यात लोक भिंतीची बुरशी खरवडतात. आणि मी चांगले पैसे मोजून तीच बुरशी भर थंडीत घरात आणली.

घरातली आर्द्रता साधारण ३० ते ५० टक्के असावी, ६० च्या वर गेली की बुरशी आणि धुळीतले किडे माजतात, हे मी नंतर शिकले. त्या दोन्हींनी दमेकऱ्याचा दमा उठतो. आर्द्रता मोजायचे घड्याळाएवढे यंत्र काहीशे रुपयांना मिळते. आता ते सासूबाईंच्या उशाशी आहे. काटा ४५ च्या वर गेला की आम्ही बटण बंद करतो आणि खिडकी उघडतो. आपण ते यंत्र दाखवले असतेत तर त्याचेही पैसे आपल्याच गल्ल्यात पडले असते. आपला निःस्वार्थीपणा थोर.

टाकी धुण्याबद्दल आपण अवाक्षर काढले नाहीत. आठ दिवसांनी मी आत बोट फिरवले, तर गुलाबी बुळबुळीत थर हाताला आला. पाणी रोज ओतून टाकी कोरडी करावी, तिसऱ्या दिवशी घासून, स्वच्छ खळबळून घ्यावी. नाहीतर साचल्या पाण्यातले जंतू तुषारावर बसून थेट फुप्फुसात जातात. पिण्याचा माठ आम्ही रोज विसळतो. श्वासाचा माठ विसळायला मात्र कुणी सांगितले नाही.

आणि ती बाटली! ‘टाकी धुवायची कटकटच नको, पाण्यात पाच थेंब टाका, जंतू मरतात,’ म्हणत आपण ती फुकट हातावर ठेवलीत. दक्षिण कोरियात १९९४ पासून अशीच, ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशके विकली जात होती. २०११ मध्ये बाळंतिणी आणि गरोदर बाया फुप्फुसे निकामी होऊन दवाखान्यात येऊ लागल्या, तेव्हा कारणाचा शोध लागला. जे रसायन सफाईला चालत होते, तेच तुषार होऊन छातीत गेल्यावर जीव घेत होते. सरकारने मान्य केलेल्या पीडितांचा आकडा पाच हजारांच्या पुढे आहे. त्यात तान्ही बाळे होती. आयांनी बाळाच्या काळजीपोटीच ते पाण्यात घातले होते.

मी आपली बाटली उघडली नाही. कारण एवढेच की तिच्यावर काही लिहिलेले नव्हते. साहेब, हा फवारणीचा मुलूख आहे. इथे डब्यावरचा त्रिकोण लाल आहे की पिवळा, हे पाहिल्याशिवाय आमचे मालक झाकणाला हात लावत नाहीत आणि तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय पंप उचलत नाहीत. आपण मात्र बिनलेबलाचे औषध म्हातारीच्या उशाशी रात्रभर फवारायला सांगितलेत.

आता हात जोडून विनवणी. पुढच्या थंडीत एखादी लेक बापासाठी, एखादी आई तान्ह्यासाठी आपल्या पायरीवर येईल. तिला आधी विचारा, डॉक्टरांना दाखवले का. मग एका कागदावर चार ओळी लिहून द्या: पाणी कोणते, काटा कितीवर, टाकी कधी धुवायची, आणि टाकीत पाण्याशिवाय काहीही घालायचे नाही. कागद मी पुरवते. आपल्याला अक्षराचा कंटाळा असेल तर लिहूनही मीच देते.

सासूबाई आता बऱ्या आहेत. यंत्र धुऊन-पुसून वापरतो, पावसाळ्यात माळ्यावर ठेवतो. बाटली या पत्रासोबत परत पाठवत आहे. सील तसेच आहे. तिच्यात काय आहे ते कृपया तिच्यावर लिहा. लिहिता येत नसेल, तर ती कुणाच्याही हातावर ठेवू नका.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
बाजारच्या दिवशीची गिऱ्हाईक