अठराविश्वे ते सतराशे साठ

"काका, पाच मिनिटं खाली येता का? गाडी धरायची आहे."

रविवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळत असताना इंटरकॉमवरून हे वाक्य आलं की समजायचं, रिमकरने पुन्हा चाक काढलंय. रिमकर हे त्याचं खरं आडनाव नव्हे, मी ठेवलेलं. पण कोथरूडच्या दर दोन सोसायट्यांमागे असा एक प्राणी आता निघतोच. याला मोटारसायकल चालवायची नसते असं नाही. फक्त त्याआधी तिचं काहीतरी व्हायचं राहिलेलं असतं.

रिमकरकडे रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर 650 आहे. 2018 साली ती बाजारात आली तेव्हा त्याने भल्या पहाटे उठून बुकिंग केलं होतं. गाडीत खोट एकच: दोन्ही चाकं अठरा इंची. पुढे 100/90-18, मागे 130/70-18. हे आकडे वाचायलाही मला त्यानेच शिकवलं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची. शेवटचा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. तर या अठरा इंचात, रिमकरच्या मते, टायरचं अठराविश्वे दारिद्र्य. जगभरच्या चपळ गाड्या सतरावर पळतात, आपल्या चाकणला तयार होणारी केटीएम ड्यूक 390 सुद्धा, त्यामुळे टायरवाल्यांचा सगळा जीव सतरात. तिथे टायर सतराशे साठ!

माझ्या वडिलांच्या बुलेटला पुढेमागे दोन्हीकडे 3.25-19 टायर असायचा. दुकानात जाऊन ते एवढंच विचारत, "आहे का?" नसला तर पुढच्या आठवड्यात जात. टायर निवडायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

चाकं बदलायला आम्ही नाना पेठेत गेलो. मी अर्थातच धरायला. मूळचा हब तसाच ठेवायचा, रिम सतराची घालायची आणि आरे अर्धा इंच आखूड. बोळाच्या टोकाला बसणारा तो म्हातारा कारागीर मात्र बघण्यासारखा. त्याने चाक स्टँडवर फिरतं ठेवलं आणि रिमच्या कडेशी खडू धरला. रिम जिथे बाहेर येई तिथे पांढरी रेघ उमटे. मग रेघेपाशी एका बाजूचा आरा पाव फेरी सैल करायचा, समोरच्या बाजूचा पाव फेरी आवळायचा, की पुन्हा फिरवायचं. मध्येच पान्याने आऱ्यांवर टिचक्या मारत कान लावी, तबला लावतात तसा. एखादा आरा 'टण्ण' म्हणायचा सोडून 'टक्' म्हणाला की नाराजीने मान हलवी. दीड तासाने खडू कुठेच लागेना, तेव्हा त्याने विचारलं,

"साहेब, जुनी रिम तर नवीकोरी आहे. काढली कशाला?"

"अठरात टायर मिळत नाहीत हो!"

म्हातारा काही बोलला नाही. नुसतं वर भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर ओळीने टायर टांगलेले होते. मी आकडे वाचले. अठराचेच होते.

रिमकरचा हिशेब एक्सेलमध्ये असतो. पुढच्या जुन्या टायरचा बाहेरचा व्यास 637 मिलिमीटर, नव्या 120/70-17 चा 600. म्हणजे गाडी पुढून साडेअठरा मिलिमीटर खाली आली. चाक लहान झालं की तेवढ्याच अंतरात फेऱ्या जास्त होतात, आणि काटा फेऱ्या मोजतो, रस्ता नाही. काटा साठवर असताना गाडी जेमतेम सत्तावन्नवर. "म्हणजे काका, मी कायद्यापेक्षा कमीच पळवतो!" मी त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ऐकवलं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर फेरफार करायचा नाही, 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलंय. तो म्हणाला, "काका, पोलीस सायलेन्सर ऐकतात. रिम कुठे मोजतात?"

एक्सेलमध्ये साइड स्टँडचा रकाना नव्हता. गाडी खाली आली, स्टँड होता तेवढाच राहिला. त्यामुळे ती कलायची सोडून शिक्षा झालेल्या पोरासारखी ताठ उभी राहायला लागली, आणि तिसऱ्या रात्री वारा सुटला तशी उजवीकडे सेक्रेटरींच्या ॲक्टिव्हावर पडली. मग स्टँड कापून पुन्हा वेल्ड केला. ॲक्टिव्हाच्या पॅनेलचे पैसे वेगळे.

आणि मग सुरू झाला टायरचा शोध. अठरात होता तोवर चालून आलेलं एकच स्थळ होतं, मुकाट संसार चालला होता. सतरात आला आणि जणू वधूवर सूचक मंडळात नाव घातलं. पहिला जोड मऊ रबराचा, पकड झकास, पण म्हणे लवकर झिजेल. दुसरा मध्ये कडक नि कडांना मऊ, तो पावसात कसा वागेल याची खात्री नाही. तिसऱ्यात सगळे गुण, फक्त नक्षी डोळ्यांना पटेना.

हा दुसरा जोड विकायला काढला त्या दिवशी मी खाली वाकून टायर नीट पाहिला. चार महिने तो कोथरूड ते हिंजवडी धावला होता, म्हणजे मुख्यतः सिग्नलला उभा होता. मधला पट्टा घासलेला, पण दोन्ही कडांना नव्या टायरची ती रबराची बारीक केसं जशीच्या तशी. बिचाऱ्याचं जावळसुद्धा निघालं नव्हतं.

"विकतोयस का रे?"

"वळणावर मनासारखा झुकत नाही, काका."

गेल्या रविवारी पुन्हा इंटरकॉम वाजला. "काका, पाच मिनिटं वर येता का?" खाली नव्हे, वर. गेलो तर रिमकर गॅलरीत उकिडवा बसलेला. समोर अठराच्या त्या दोन जुन्या रिम. त्याच्या बायकोने आऱ्यांच्या भोकांतून सुतळी ओवून, मध्यभागी गाठ मारून अख्खं चाक विणलं होतं, आणि त्यावर गोकर्णीचा वेल चढवला होता. सुतळी चांगली ताणलेली होती. रिम कुठे आउट दिसत नव्हती.

"अठरात एक नवा आलाय," तो स्वयंपाकघराकडे बघत कुजबुजला. "रेडियल."

मी रिम धरली. निळी फुलं तुटू नयेत म्हणून तो एकेका सुतळीवरून वेल सोडवायला लागला, पाव पाव फेरी उलटा फिरवत.